चौकटीत बसवलेलं वाक्य

ऑफिसात तिला सगळे तोंडावर मॅडम म्हणायचे आणि पाठीमागे कात्री. तिला ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोला, मनातून आवडायचंही. तीस वर्षं तिने एकच काम केलं. सॉफ्टवेअर बनवणारी मंडळी जे काही बनवतात ते वापरायचं कसं, हे साध्या भाषेत लिहायचं. इंजिनियर पानभर खरडून द्यायचा आणि ही त्याच्या तीन ओळी करायची. त्या तीन ओळींत सगळं असायचं, वर एक शब्द जास्तीचा नसायचा. नवीन माणसाला तिच्या टेबलाशी पाठवताना जुने लोक सांगायचे, "जा, पण काळजीने बोल, नाहीतर तुझंही वाक्य कापेल."

घरीही तेच. भाच्याच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा 'सहकुटुंब सहपरिवार' यातला एक शब्द तिने पेन्सिलीने खोडला होता. "अगं, लग्नाला जायचंय की परीक्षेचा पेपर तपासायचाय?" असं ताई म्हणाली होती. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. पस्तीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून आता गुडघे धरून घरी बसलेली, आणि नवरा गेल्यापासून धाकटीकडेच राहायला आलेली. धाकटीने लग्न केलं नाही की झालं नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. दोघींचा तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्यांचा संसार होता, आणि तो चांगला चालला होता.

म्हणजे, वरून बघणाऱ्याला तसंच वाटलं असतं.

ताईला मात्र गेली आठ वर्षं काही गोष्टी दिसत होत्या. मिक्सर बंद केला तरी धाकटी भांड्याला लगेच हात लावायची नाही. आधी बटण, मग प्लग, मग प्लग भिंतीपासून वीतभर लांब नेऊन ठेवायचा आणि मग झाकण. लिफ्ट येऊन थांबली, दार उघडलं, तरी ही बाहेरच उभी. मागचे लोक चुळबुळ करायचे, कुणीतरी "अहो, चला ना" म्हणायचं, तेव्हा कुठे पाऊल आत. सिग्नलला गाड्या थांबलेल्या असल्या तरी तिचा थांबलेल्या गाड्यांवर विश्वास नसे. ताईने एकदा वैतागून विचारलं, "थांबलेल्या गोष्टीची कसली गं भीती तुला?" त्यावर तिने भाजी चिरायला घेतली.

आणखी एक गोष्ट होती, जी ताईलाही माहीत नव्हती. लिहायला बसली की तिच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला, जरासं मागे, कुणीतरी उभं असायचं. दिसायचं नाही काही. पण ती एकेक ओळ लिहायची आणि तो एकेक ओळ वाचायचा, शाळेतली मुलं वाचतात तसा ओळीखालून बोट फिरवत. डाव्या हाताचं बोट. उजवा हात खिशात. भूतबीत मानणाऱ्यातली ती नव्हती, सरळ डोक्याची बाई. म्हणूनच ते तिला कुणाला सांगता येत नव्हतं.

तर झालं होतं ते असं.

कंपनीचा मुख्य माल म्हणजे एक डीबगर. चालू प्रोग्राम मध्येच थांबवून त्याच्या पोटात काय बिघडलंय ते बघायचं साधन. प्रोग्राम म्हणजे सूचनांची लांबलचक यादी. त्यातल्या एखाद्या ओळीवर खूण करून ठेवायची, त्या खुणेला ब्रेकपॉइंट म्हणतात. प्रोग्राम धावत धावत तिथे आला की थांबतो आणि तुम्ही निवांत बघत बसायचं. आता मोठा प्रोग्राम एका वेळी अनेक कामं करत असतो. एका घरात एक जण भाजी चिरतोय, एक फोनवर बोलतोय, एक आंघोळीला गेलाय, तसं. यातल्या प्रत्येक कामाच्या धाग्याला थ्रेड म्हणतात. आधीच्या आवृत्तीत खुणेवर एक थ्रेड आला की सगळं घर जागच्या जागी थिजायचं. आठ वर्षांपूर्वीच्या आवृत्तीत ते बदललं. जो थ्रेड खुणेवर आला तेवढाच थांबणार, बाकीचे आपापलं काम करत राहणार.

हा बदल करणारा इंजिनियर, दाढीवाला म्हणायचे त्याला, तो स्वतः तिच्या टेबलाशी येऊन सांगून गेला होता. खुणेवर माउस नेला की पडद्यावर एक छोटी पिवळी चौकट उघडायची. तिच्यात दोन आखूड ओळी मावायच्या. दाढीवाल्याने वाक्य लिहूनच आणलं होतं: 'खुणेवर आलेला थ्रेड तेवढा थांबतो, बाकीचा प्रोग्राम चालूच राहतो.'

"मावत नाही हे," ती म्हणाली.

"मावत नसेल तर चौकट मोठी करू."

"चौकट मोठी करायला महिना लावाल तुम्ही लोक. माल सोमवारी जायचाय. सविस्तर मी सातव्या प्रकरणात घेते, चांगलं अर्धं पान. चौकटीत थोडक्यात ठेवते."

दाढीवाला जरा घुटमळला. म्हणाला, "मॅडम, प्रकरण कुणी वाचत नाही हो. लोक चौकट वाचतात."

हे तिला त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं. नवीन लोकांना पहिल्या दिवशी ती हेच शिकवायची. तरी तिने मान हलवली, तो गेला आणि तिने कात्री चालवली. चौकटीत वाक्य बसलं: 'खुणेवर येताच प्रोग्राम थांबतो.' काय छान बसलं होतं! उजवीकडे दोन अक्षरांची जागाही उरली. त्या संध्याकाळी ती खुशीत घरी गेली होती, हे तिला अजून आठवतं, आणि त्या खुशीची तिला सगळ्यात जास्त लाज वाटते.

चार महिन्यांनी पत्र आलं. डबे भरणाऱ्या एका कारखान्यातल्या फिटरचं. मशीन अडकत होतं म्हणून त्याने त्याच्या प्रोग्रामला डीबगर लावला. एका ओळीवर खूण केली. डबे पुढे नेणारा पट्टा थांबला. त्याने चौकट वाचली. मग पट्ट्यावर अडकलेलं झाकण काढायला हात आत घातला. झाकणं दाबणारा दट्ट्या दुसऱ्या थ्रेडवर चालत होता. उजव्या हाताची दोन बोटं गेली. पत्रात रडारड नव्हती, शिवीगाळ नव्हती. 'तुमच्या चौकटीत प्रोग्राम थांबतो असं लिहिलं आहे. तो थांबला नव्हता. कृपया बघावे,' एवढंच होतं. 'कृपया बघावे' या दोन शब्दांनी तिच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

आता तुम्ही म्हणाल, मशीनची वीज न तोडता आत हात घालायचा नसतो, हे कुठल्याही फिटरला कळतं. बरोबर आहे. कारखान्यानेही तेच म्हटलं. तिनेही स्वतःला आठ वर्षं तेच सांगितलं, आंघोळ करताना, बसमध्ये, भाजी घेताना. ते खरं होतं आणि त्याचा काडीचा उपयोग होत नव्हता.

कारण गोष्ट तिथे संपली नाही. पत्राला उत्तर द्यायचं होतं, आणि ऑफिसात नेमके शब्द कुणाला सापडतात? कात्रीला. वकीलसाहेबांनी तिला बोलावून सांगितलं, उत्तर असं लिहा की त्यात एकही खोटा शब्द नको आणि एकही जास्तीचा नको. तिने लिहिलं: 'सदर बाब पुस्तिकेच्या सातव्या प्रकरणात, पान एकशे बेचाळीसवर, स्पष्टपणे नमूद केलेली आहे.' वकीलसाहेब खूश. "वा, याला म्हणतात काम," असं म्हणाले. ते उत्तर कारखान्याच्या चौकशीत वाचलं गेलं आणि अहवालात नोंद झाली, की कामगाराने सूचना न वाचता हात घातला. त्याला कामावरून काढलं.

पुढच्या आवृत्तीत चौकट मोठी झाली, वाक्यही पूर्ण झालं. प्रत्येक आवृत्तीबरोबर काय काय बदललं याची यादी जोडायची त्यांची रीत होती, आणि ती यादीही तीच लिहायची. त्या यादीत तिने या दुरुस्तीसाठी तीन शब्द वापरले: 'भाषेच्या किरकोळ दुरुस्त्या.' तेव्हापासून तो माणूस तिच्या खुर्चीमागे उभा होता.

आणि मग आठ वर्षांनी, एका मंगळवारी, त्याचं दुसरं पत्र आलं.

ते आलं मदतकक्षाच्या पत्त्यावर, तिथून नव्या साहेबीणबाईंकडे, आणि तिथून तिच्या टेबलावर. साहेबीणबाई चाळिशीच्या आतल्या, चटपटीत, मनाने वाईट नव्हेत. फिटरने लिहिलं होतं: एका प्रशिक्षण केंद्रात मशीन शिकवणाऱ्याची जागा निघाली आहे, माझी निवड होत आली आहे. पण जुना अहवाल त्यांच्या हाती लागला. सूचना न वाचणारा माणूस इतरांना काय शिकवणार, असं समितीचं म्हणणं. शुक्रवारी अकरा वाजता शेवटची बैठक आहे. तोवर मला तुमच्याकडून एवढंच लेखी हवं, की त्या आवृत्तीत चौकटीत नेमके कोणते शब्द होते. मला कुणावर दावा करायचा नाही. मी वाचलं होतं, एवढं सिद्ध करायचं आहे.

तिने पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आठ वर्षं ज्याला तिने बिनचेहऱ्याचा म्हणून मनात वागवलं, तो माणूस इतकं सोपं काहीतरी मागत होता.

साहेबीणबाई म्हणाल्या, "वकीलसाहेबांनी उत्तर तयार केलंय. तुम्ही फक्त भाषा बघा." कागदावर होतं: 'त्या आवृत्तीचा मजकूर कंपनीकडे उपलब्ध नाही.'

"आहे की," ती म्हणाली. "प्रत्येक आवृत्तीची, चौकटींच्या मजकुरासकट, छापील प्रत मी ठेवते. घरी, कपाटात."

"म्हणजे तुमच्याकडे आहे. कंपनीकडे नाही." साहेबीणबाई हसल्या नाहीत, उलट ओशाळल्या. "मॅडम, मलाही बरं नाही वाटत. पण हे एकदा मान्य केलं की पुढे कुठवर जाईल सांगता येत नाही. तुमची निवृत्ती दोन वर्षांवर आलीय. तुमच्या नावाने काही बाहेर गेलं, तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही."

वाक्य बिनचूक होतं. तिच्याच हाताखाली शिकलेल्या कुणीतरी लिहिलं असावं, इतकं बिनचूक. तिने कागद परत केला. "मी याला हात लावणार नाही," म्हणाली. साहेबीणबाईंनी खांदे उडवले, आणि बुधवारी सकाळी ते उत्तर जसंच्या तसं रवाना झालं.

बुधवारी दुपारी तिने डोकं दुखतंय सांगून घर गाठलं. कपाटातून ती जुनी प्रत काढली, पान उघडलं, चौकटीचा फोटो काढला आणि टेबलाशी लिहायला बसली. ताई आतून ओरडली, "इतक्या लवकर आलीस?"

"पत्र लिहायचंय."

"कुणाला?"

मग तिने ताईला सांगितलं. सगळं. दाढीवाला, चौकट, दट्ट्या, पान एकशे बेचाळीस, किरकोळ दुरुस्त्या, आणि खुर्चीमागे उभा राहणारा तो. आठ वर्षांचं आठ मिनिटांत संपलं. ताई म्हणाली, "म्हणून मिक्सरचा प्लग होय. वेडाबाई, मला नाही का सांगायचंस?" आणि डोळे पुसून तिनेच चहा टाकला.

पत्राचा पहिला खर्डा वीस मिनिटांत झाला. चार ओळींचा. त्या आवृत्तीत चौकटीत अमुक शब्द होते. ते मी लिहिले. ते चुकीचे होते. तुम्ही ते वाचून हात घातलात, यात तुमची चूक नाही.

ताई म्हणाली, "झालं की. पाठव."

"थांब जरा. 'चुकीचे' हा शब्द तपासते."

खर्डा तिथे बिघडायला लागला. 'चुकीचे' म्हटलं तर वकील म्हणेल, सातव्या प्रकरणात बरोबर होतं, मग चूक कशी? 'अपुरे' म्हणावं? 'अपुरे' हा पळपुटा शब्द होता, तिने पुसून टाकला. 'दिशाभूल करणारे' म्हटलं तर त्यात हेतू आला, आणि हेतू तर नव्हता. आणि 'यात तुमची चूक नाही' हे ती कशाच्या जोरावर म्हणणार? वीज न तोडता हात घातला होताच ना त्याने? समितीने ते वाक्य धरलं तर सगळं पत्रच मोडीत निघेल. पत्र असं हवं की त्यात कुणाला बोट घालायला जागा नको. हे तिने मनात म्हटलं आणि स्वतःच दचकली.

गुरुवारी तिने रजा टाकली. सकाळी नवव्या खर्ड्यावर होती, दुपारी तेराव्या. खुर्चीमागचा तो प्रत्येक खर्डा वाचत होता, डाव्या हाताच्या बोटाने, सावकाश. तिला वाटलं, याला पटेल असं वाक्य मिळालं की हा जाईल. म्हणून ती आणखी नेटाने लिहायला लागली. तिचं तिलाही कळत होतं की भीती आहे ही. साहेबीणबाईंची, वकिलाची, दोन वर्षांवर आलेल्या निवृत्तीची. पण ती भीती इतकी शहाणी होती की प्रत्येक वेळी नेमकेपणाचं रूप घेऊन यायची, आणि नेमकेपणाला तिने जन्मात कधी नाही म्हटलं नव्हतं.

ताईचा पारा चढला तो गुरुवारी संध्याकाळी. "हे बघ," ती दारात उभी राहून म्हणाली, "आमच्या दुकानात एकदा बाटलीवर चुकीची चिठ्ठी लागली. माझ्याच हातून. लक्षात आलं तेव्हा गिऱ्हाईक रस्त्याला लागलं होतं. मी चपला न घालता धावले. भर बाजारात, पदर कुठे, केस कुठे. ओरडत होते, अहो थांबा, ते औषध पिऊ नका! मजकूर नव्हते करत बसले."

"तुझी गोष्ट वेगळी, ताई. याचा कागद होणार आहे. कागद टिकायला हवा."

"माणूस टिकायला हवा का कागद?"

"सकाळी पाठवते."

"मरो तुझा तो कागद," असं म्हणून ताई आत गेली, आणि त्या दिवशी दोघी एकमेकींशी न बोलता जेवल्या.

शुक्रवारी सकाळी सात वाजता तिने सतरावा खर्डा उघडला. दहा वाजता तिला वाटलं, झालं. मग तारखेच्या जागी आवृत्तीचा क्रमांक आधी हवा असं वाटलं. पावणेअकराला ताईने दाराशी येऊन घड्याळाकडे बोट दाखवलं. "हो, हो, पाठवतेच आहे," ती म्हणाली, आणि खरंच पाठवणार होती. पण शेवटचं एकदा वाचताना दुसऱ्या ओळीत एक शब्द दोनदा आलेला दिसला. तो काढला तर वाक्य लंगडलं. लंगडलेलं वाक्य ती कशी पाठवणार? तिने जन्मात कधी पाठवलं नव्हतं.

बारा वाजून दहा मिनिटांनी पत्र ईमेलने गेलं. फोटोसकट, तिच्या नावासकट, फोन नंबरसकट. चार ओळी. आणि गंमत बघा, किंवा गंमत नका म्हणू, पण शेवटी गेलं ते जवळपास बुधवारचंच पत्र होतं. 'चुकीचे' हाच शब्द राहिला होता. 'यात तुमची चूक नाही' हेही राहिलं होतं.

पाठवल्यावर तिला हलकं वाटलं. तिने मान वळवून डावीकडे मागे पाहिलं, आठ वर्षांत पहिल्यांदा. तिथे भिंत होती आणि भिंतीला टेकून ठेवलेलं इस्त्रीचं घडीचं टेबल.

फोन दोन वाजता आला. आवाज मवाळ होता, तिने कल्पना केली होती त्यापेक्षा वयाने मोठा.

"तुमचं पत्र मिळालं," तो म्हणाला. "आभारी आहे. फोटोपण बघितला. तीच चौकट. मला वाटायला लागलं होतं की माझ्याच डोळ्यांनी मला फसवलं. घरात आई आहे, तिला वाचून दाखवलं. तिनं परत एकदा वाचायला लावलं."

"बैठक?" तिने विचारलं.

"झाली ना. अकराला सुरू झाली. तुमच्या कंपनीचं उत्तर आलं होतं, मजकूर उपलब्ध नाही म्हणून. मग ते म्हणाले, पुरावा तर नाही, पण तुम्ही चूक कबूल करत असाल तर आम्ही विचार करू. कबूल करणारा माणूस बरा, असं म्हणाले. साडेअकराला लिहून दिलं मी. माझ्या निष्काळजीपणामुळे, सूचना न वाचल्यामुळे. सही केली. डाव्या हातानं करतो आता, बरी जमते. नोकरी दिली त्यांनी. सोमवारपासून."

तिला अभिनंदन म्हणायचं होतं.

"नोकरीचं ठीक आहे हो," तो म्हणाला. "पण शिकायला येणारे पहिल्याच दिवशी विचारणार, सर, बोटं कशी गेली? आता मी काय सांगू? कागदावर आहे तेच सांगायला पाहिजे ना. ज्यानं वाचलं नाही, तो मी."

"मी बुधवारपासून लिहीत होते," ती म्हणाली. हे का सांगितलं तिला कळलं नाही. बहुतेक माफी मागायची होती.

"बुधवारपासून?"

"हो. दोन दिवस."

तो म्हणाला, आणि त्यात राग नव्हता, त्याला खरंच समजून घ्यायचं होतं, "चार ओळी आहेत, बाई."

ती रडली नाही. रडायचा हक्क आपल्याला नाही, एवढं तिला त्या क्षणी लख्ख कळलं. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून सगळं समजली होती.

"मी येते," ती फोनमध्ये म्हणाली. "आत्ता. समितीच्या लोकांना तोंडाने सांगते. जुनी प्रत घेऊन येते."

"सही झालीय आता."

"झाली असू दे. त्यांनी फाडली नाही तर नाही. पण मी सांगणार. तुमच्यासमोर सांगणार. काय व्हायचं ते माझ्या नोकरीचं होईल, तुमच्या नाही, हेही सांगणार."

तो म्हणाला, "चार वाजेपर्यंत ऑफिस उघडं असतं. या." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, "पण बाई, लिहून आणू नका."

ताईने पिशवीत ती जाडजूड प्रत घातली, पाण्याची बाटली घातली. "मी येऊ?" विचारलं. ती नको म्हणाली. पायात चपला सरकवल्या आणि जिना उतरली. लिफ्टची वाट बघत उभं राहायला वेळ नव्हता.

बस मिळाली, खिडकीजवळची जागाही मिळाली. पिशवी मांडीवर घेऊन ती बसली आणि बस हलायच्या आतच डोक्यात पहिलं वाक्य जुळायला लागलं. 'तुमच्या समोर बसलेल्या या गृहस्थांनी सूचना नीट वाचली होती, ती सूचना मी लिहिली होती, ती चुकीची होती, आणि ती चुकीची आहे हे मला लिहितानाच माहीत होतं.' लांबलचक, बोजड वाक्य. तिने ते मनात एकदा म्हणून पाहिलं. मग वाटलं, 'लिहितानाच' कशाला? 'माहीत होतं' म्हटलं की पुरतं. शब्द निघाला. वाक्य कसं सुटसुटीत झालं.

आणि कात्री पुन्हा चालली, हे तिला कळलं.

तिने पिशवी घट्ट धरली. तो शब्द जिथून काढला होता तिथे परत बसवला. पण मनात तो राहीना, घसरून पडायला लागला, आणि त्याच्यामागोमाग 'नीट' सैल झाला, मग 'मी'. तेव्हा ती मोठ्याने बोलायला लागली. भर बसमध्ये, भर दुपारी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. सूचना मी लिहिली होती, ती चुकीची होती, आणि ती चुकीची आहे हे मला लिहितानाच माहीत होतं. कंडक्टरने वळून पाहिलं. शेजारची बाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग जरा सरकून बसली.